ताटकळलेली वेल

२२ नोव्हेंबर, शनिवार

भात झोडून झालं. पेंढाही रचला. पुष्कळ दिवसांनी अंगण मोकळं दिसतंय, कोंबड्यांनासुद्धा कुठं चरावं ते कळेना.

अंगणवाडीतून परत येताना ओढ्याच्या चढावर बसावं लागलं. यंदा पाळी आली ती जायचं नावच घेत नाही. शेजारची साळुबाई म्हणते या वयात होतंच असं, तिलाही झालं होतं. झोडणीचं कामही काही हलकं नसतं. बसले, पाणी प्यायले, उठले.

संध्याकाळी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदरात मूठभर तांदूळ घेऊन माळाकडे गेल्या. म्हणजे कुणाच्या तरी औषधाचं आवतण. त्या अशा निघाल्या की घरात कुणी कुठं, कशाला विचारत नाही. आदल्या सांजेला वनस्पतीपुढं तांदूळ ठेवायचे, ती कुणासाठी हवी आहे त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वाटेत कुणाशीही न बोलता जाऊन तिला घरी आणायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. माहेरी, आपटाळ्याकडे, आमची आजीही पाला आणायची, पण पाहुण्याला बोलवावं तसं झाडाला बोलावणं मी इथंच पाहिलं.

परत आल्यावर आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काय झालं आत्या?" तर म्हणाल्या, "काय न्हाई. जेव वेळंवर. लई वाळलीस." भाकऱ्यांना उशीर झाला त्याचाच टोमणा असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्या पहाटे दाराशी पडल्या. चपला पायात घालत होत्या. आवाज ऐकून धावले तर उजवा हात, उजवा पाय गळून गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. शिनोलीच्या अलीकडे फोनला रेंज नाही, म्हणून भिकाचा पोरगा मोटारसायकलवर खाली गेला आणि त्यानं गाडी बोलावली. मंचरच्या दवाखान्यात आहोत. हे चाकणहून निघालेत.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ. वेळेत आणलंत.

गाडीत आत्यांचा डावा हात मी धरून ठेवला होता. त्या तो सारखा सोडवून घेत होत्या.

२६ नोव्हेंबर

जीव वाचला. बोलणं मात्र गेलं. आत्यांना सगळं कळतं, डोळ्यांत दिसतं, पण तोंडातून नुसता श्वास येतो. ज्या बाईच्या आवाजाला पलीकडच्या वाडीतली गुरं वळायची!

व्यायाम शिकवणाऱ्या अश्विनी मॅडम आल्या होत्या. लहानशीच आहे, आमच्या लेकीएवढी, आरतीएवढी असेल. म्हणाली, "आजी, आता पहिले काही महिने फार महत्त्वाचे. जेवढी मेहनत कराल तेवढा हात परत येईल. नंतर अवघड होतं." आत्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आत्या काहीतरी सांगतात आणि आम्हाला कळत नाही. डाव्या हाताची बोटं चोळतात, चिमटीतून काही सोडावं तशी. मग खिडकीकडे हात. मग माझ्याकडे.

हे म्हणाले, "आईला मिश्री पाहिजे." मिश्री दिली, ती फेकली. मला वाटलं कोंबड्यांना दाणे टाकायचं विचारतात. मी म्हणाले, "साळुबाई टाकतीय दाणं, काळजी करू नका." तर डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं डोकं चालवलं, "आमटीत मीठ कमी असंल ओ." मीठ घातलं. आत्यांनी वाटी बाजूला सारली.

अश्विनी मॅडम मात्र खूश. बोटं हलतायत ना, म्हणे.

मला एक गोष्ट टोचते. बोट माझ्याकडे करतात आणि मग बाहेर दाखवतात. तू जा, असंच ना ते? पडल्या तेव्हा मी झोपलेली होते. रोज त्यांच्या आधी उठणारी मी, त्या दिवशी अंगात उठायचं बळच नव्हतं. त्यांच्या मनात तेच असेल.

३ डिसेंबर

घरी आणलं. आत्या व्यायाम करत नाहीत. पेजही चार घोटांवर बंद. मॅडमनी चेंडू दिलाय, उजव्या मुठीत धरून दाबायचा. मी मुठीत ठेवते, त्या डाव्या हातानं काढून टाकतात. चेंडू चुलीपर्यंत घरंगळत जातो, मांजर त्याच्या मागं.

"हसा तरी," मी म्हणाले आज. नाही हसल्या. माझ्याकडे बोट, दाराकडे बोट.

"जाऊ का मी खरंच? माहेरी जाऊन बसू?" असं तोंडातून निघून गेलं. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मलाच माझी लाज वाटली आणि चूल फुंकायच्या निमित्तानं तोंड फिरवून बसले.

५ डिसेंबर

साळुबाई आली होती. शेजारीण आहे, पण जावेपेक्षा जास्त हक्कानं बोलते. दारातूनच, "काय लंकाबाय, गप बसून लई आराम झाला आता. उठ, माझ्याशी भांडाय कुनी न्हाई वाडीत." आत्यांनी तिलाही चिमटीची खूण केली, पुन्हापुन्हा. साळुबाई जवळ सरकून बघत राहिली आणि एकदम माझ्यावर ओरडली.

"रत्ना, अगं तांदूळ टाकतीय ती! पडली त्याच्या आदल्या सांजंला आवतण दिऊन आल्ती का?"

शनिवार. पदरातले तांदूळ. माझ्या डोळ्यांसमोर गेल्या होत्या.

साळुबाईनं मग समजावलं. आवतण दिलेली वनस्पती ताटकळत ठेवायची नाही. माणूस पंगतीला बोलवावं आणि दार लावून निघून जावं, तसं होतं ते. जो बोलावून आला त्याला जाता आलं नाही तर घरातल्या कुणीतरी जायचं, पुन्हा तांदूळ ठेवायचे, पुन्हा नाव सांगायचं आणि घेऊन यायचं. नाहीतर त्या हाताला पुढं गुण राहत नाही.

"म्हंजी तिला वाटतंय हात त्याच्यापायीच गेला," साळुबाई हळू म्हणाली. "तू किती बी चेंडू दे, ती कशाला दाबल?"

आत्या आमच्या दोघींकडे बघत होत्या. मी विचारलं, "हेच का?" त्यांनी डोळे मिटून उघडले. मग बोट माझ्याकडे. आता कळलं, मी जाऊन आणावी असं म्हणतात. रागावलेल्या नाहीत! मला काम सांगतात. किती दिवस उगाच कुढत होते.

८ डिसेंबर

कळलं खरं, पण कुठली वनस्पती? कुठं? आणि कुणाचं नाव? नाव सांगितल्याशिवाय ती येत नाही, आणि औषध कुणाचं ते फक्त आत्यांना माहीत. वाडीतली एकेक नावं घेऊन विचारलं, तर त्या नुसतं माझ्याकडे बोट करतात, तू जा म्हणून.

जानकूमामांना विचारलं. आत्यांचे धाकटे भाऊ, वरच्या आळीत राहतात. म्हणाले, "माझी बहीन हाय, पर मला बी तिनं कदी दावलं न्हाई. बापाची इद्या तिच्याकडं गेली, माझ्याकडं म्हशी आल्या." पण माळावर ती कुठल्या वाटेनं जाते तेवढं त्यांना ठाऊक आहे. म्हशींच्या मागं फिरताना पाहिलेलं.

तोवर मी नाव शोधते. आमच्याकडे रीत अशी, की मागितल्याशिवाय औषध द्यायचं नाही. म्हणजे वाडीत कुणीतरी मागितलं असणार. घरोघर विचारायला लागले.

९ डिसेंबर

खालची आळी झाली. कुणी मागितलं नाही. भिकाच्या गुडघ्याला सूज आहे, पण तो म्हणतो मी मलम लावतो. त्याची सून पोटुशी, तिनंही नाही मागितलं. "काकी, तुमीच बसा जरा," म्हणाली, "तोंड पांढरं पडलंय तुमचं." चहा दिला गुळाचा. बरं वाटलं.

१० डिसेंबर

वरची आळी, ठाकरवस्ती, ओढ्यापलीकडची दोन घरं. नाही, नाही आणि नाही. येताना इतकी धाप लागली की करवंदीच्या जाळीशी आडवीच झाले. वर घारी फिरत होत्या. मनात आलं, आत्या एवढं सगळं चढून जायच्या, या वयात, कुणाकुणासाठी.

साळुबाई अंगणातच भेटली. "समद्या वाडीला इचारलंस. घरातल्यांना इचारलंस का?"

खरंच की. ह्यांना फोन लावायला भिकाच्या पोराबरोबर शिनोलीपर्यंत गेले. कंबर दुखते का, आईला काही बोलला होतात का? म्हणाले, "मला काय धाड भरलीय? कंपनीत बसूनच तर काम." आरतीलाही विचारलं. ती पुण्यात नर्सिंगला आहे. ती म्हणाली, "मी ठीक आहे. तू कशी आहेस?" म्हटलं, मला काय झालंय, मी आत्यांचं विचारतेय. "आई, दम का लागलाय तुला बोलताना?" गाडीवरून आले म्हणून, म्हटलं.

घरातही कुणी नाही. आता काय सांगू त्या वेलीला, झाडाला, जे काय असेल त्याला?

१३ डिसेंबर, शनिवार

आज काय काय घडलं. सगळं लिहून ठेवते.

हे काल रात्रीच सुट्टी काढून आले. मामा म्हणाले, लंकीलाच वर नेऊ, ती बोटानं दावंल. कसं न्यायचं? अंगणवाडीची लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला दोन बांबू बांधले, पुढं हे आणि मागं मामा. आत्यांना शाल गुंडाळून बसवलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्या ताठ बसल्या. साळुबाईनं बघून हात जोडले, "आली बया पालखी! नारळ फोडू का?" आत्यांच्या तोंडाची सरळ बाजू हलली. हसल्या म्हणायच्या.

मी मागून तांदूळ घेऊन. चढावर मामा दम खायला थांबले की मीही बसायची. मामा एकदा म्हणाले, "आम्ही खुर्ची उचलतोय आन् दम सुनबाईला." हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चला चला, ऊन उतरतंय.

माळ संपतो तिथं कड्याच्या अलीकडे काळ्या दगडांची रास आहे. आत्यांनी डावा हात वर केला. थांबलो. दगडांच्या आडोशाला एक काटेरी वेल, बारीक पानांची, सुयांच्या पिसाऱ्यासारखी. पानं पिवळी पडायला लागलेली. तिचं नाव मला लहानपणापासून माहीत आहे, बाळंतिणीला देतात. पण आवतण दिलेलीचं नाव घरी येईस्तोवर घ्यायचं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. बुडाशी सपाट दगड ठेवलेला. तांदूळ कधीच पाखरांनी नेले होते, पण दगड हातानं मांडलेला कळत होता.

मी खाली बसले, दगडावर तांदूळ ठेवले. डोक्यावर पदर घेतला. आणि अडले. "आत्या, नाव?"

आत्यांनी बोट माझ्याकडे केलं.

"हां, मीच सांगते. पण कुणाचं सांगू?"

पुन्हा बोट माझ्याकडे. मी ह्यांच्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मामा टोपी काढून डोकं खाजवत होते. आत्यांनी ह्यांना खूण केली, खुर्ची पुढं घ्या. पुढं घेतली. मग वाकून त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, पदरावरून, आणि दाबून धरला. बराच वेळ.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

मी मागितलं नव्हतं. कधीच काही बोलले नव्हते. धुण्याचे कपडे मी पहाटे वेगळे ओढ्यावर नेत होते, ते त्यांनी पाहिलं असणार. चढावर बसते ते पाहिलं असणार. आणि रीत मोडून, न मागता, माझं नाव या दगडापाशी येऊन सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठीच चपला घालत होत्या.

मी माझंच नाव घेतलं. "रत्ना." मामा म्हणाले, "जोरात सांग, ऐकू आलं पायजे तिला." पुन्हा सांगितलं.

उतरताना हे एवढंच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मलाच कुठं माहीत होतं.

१४ डिसेंबर, रविवार

उजाडायच्या आत गेले, एकटी. वाटेत साळुबाई परसात दिसली. मला बघून तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तिलाही अवघडच.

बाजूची माती उकरली, कडेची मुळं घेतली, मधली तशीच ठेवली आणि माती लोटून दिली. घरी येऊन मुळं आत्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हातानं एकेक चाचपून पाहिलं. एक बाजूला काढलं, फार कोवळं होतं. मी म्हटलं, "चुकलं. आता शिकवा."

दुपारी पेज वाटीभर संपवली.

१६ डिसेंबर

हे मला घेऊनच मंचरला गेले, मी नको म्हणताना. डॉक्टरबाईंनी पोटावरून तपासणी केली. गाठ आहे, लहान आहे, घाबरण्यासारखी नाही. पण अंगात रक्त फारच कमी. रागावल्या. "अंगणवाडीत बायकांना लोहाच्या गोळ्या वाटता ना तुम्ही? मग स्वतः?" इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या दिल्या. मुळांचं सांगितलं तर म्हणाल्या, घ्या, पण गोळ्या एकही चुकवायची नाही, आणि तपासणीला यायचं.

आरती फोनवर रडली आणि मग तिनं शिव्या घातल्या. दोन्ही आजीवर गेलंय.

संध्याकाळी आत्यांनी चेंडू मागितला. मागितला म्हणजे मांजराकडे बोट केलं. मांजराच्या पंजातून काढून मुठीत दिला. बोटं हलली नाहीत. पण त्यांनी चेंडू काढून टाकला नाही. त्याच्याकडे डोळे वटारून बघत बसल्या, एखाद्या हट्टी पोराकडे बघावं तशा.

२८ डिसेंबर

मुळं दुधात शिजवून घेते. आत्या समोर बसून शेवटचा घोट जाईस्तोवर बघतात. चव वाईट नाही, पण मी तोंड वाकडं केलं की त्यांना गंमत वाटते, म्हणून करते.

अंगावरून जाणं थांबलं. गोळ्यांनी की मुळांनी, आरती विचारते. मी म्हटलं, दोन बायका मिळून एक भारा उचलतात तेव्हा कुणाच्या डोक्यावर किती, कोण मोजतं?

९ जानेवारी

चेंडू थोडासा दबला. मी पाहिलं, साळुबाईनं पाहिलं, शिनोलीला जाऊन मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या ओरडल्याच. पाय बरा आहे, काठी धरून दारापर्यंत येतात. हात मात्र जड, रात्री आखडतो. बोलणं नाही.

त्यांचं औषध कोण आणणार? इतके दिवस हा प्रश्न मला पडलाच नाही. सगळ्या वाडीचं त्यांनी आणलं. मामांकडे म्हशी आहेत.

१३ जानेवारी

मामा आले होते. मी भीतभीत विचारलं, निर्गुडीचा पाला गरम करून शेकला तर? मॅडमही शेकायला सांगतातच. मामा म्हणाले, "निरगुडी ती, वड्याकाठानं मायंदळ. खोकल्या-पडशाला कोन बी तोडतो. पर लांबलेल्या दुखन्याला आवतण लागतंय. तू दे."

"मी? माझा हात कुठं त्यातला?"

मामा हसले. "आन् ती वेल कुनी आनली? मी?"

आत्यांकडे बघितलं. त्या तांदळाच्या डब्याकडे बघत होत्या.

१७ जानेवारी, शनिवार

सांजेला ओढ्यावर गेलो. आत्या काठी टेकत आल्या, शेवटच्या उतारावर मी धरलं. झाडाला जांभळा तुरा होता अजून. दगड मांडला, तांदूळ ठेवले, पदर घेतला.

आणि पुन्हा अडले. आता नाव माहीत होतं. पण सासूचं नाव सुनेनं कसं घ्यायचं? लग्नानंतर एकदाही घेतलेलं नाही. दवाखान्यात केस पेपरवरसुद्धा ह्यांनी सांगितलं, मी नुसती मान हलवली होती. पुटपुटले. आत्यांनी मागून काठी दगडावर आपटली. मोठ्यानं, म्हणजे. पुन्हा म्हटलं, थोडं वर. पुन्हा काठी.

मग डोळे मिटले आणि पलीकडच्या काठावर हाक मारावी तशी ओरडले, "लंकाबाई!"

मागून आवाज आला, "ओ."

घोगरा, जाड, पण त्यांचाच. मी वळले. आत्या माझ्याइतक्याच चकित झालेल्या. तोंडावर हात धरून उभ्या होत्या, काठी खाली पडलेली. पुन्हा म्हणून बघितलं त्यांनी. आलं नाही. मी पुन्हा हाक मारली, आता न लाजता. "ओ." आलं! मग आम्ही दोघी तिथं काय केलं ते लिहीत नाही. परसातून साळुबाई ओरडत होती, "कोन हाय गं, लंकाबायला नाव घिऊन हाका मारतंय?"

घरी आल्यापासून एकाच विचारात आहे. हाक झाडापुढं मारली, आणि ओ आत्यांनी दिली. मग आवतण नक्की कुणाला पोचलं? मामांना विचारावं तर ते हसतील.

दोघींच्या चपला दाराशी सुलट करून ठेवल्यात. आत्याही येतात म्हणतात. उजाडायच्या आत निघायचं, आणि येईपर्यंत दोघींनीही बोलायचं नाही. आता पंचाईत ही आहे, की उद्या त्यांना गप्प कसं बसवू?